चौथा कागद

“उद्या अकराला सुनावणी आहे. सनद नसेल तर घर पाडतील हो!” शिडं शिवणारी एक तरुणी गुप्तहेर बाईंच्या दारात धापा टाकत होती.

बंदरातलं जुनं गोदाम परदेशी कंपनीने तिच्या पणजोबांना सनद लिहून दिलं होतं. तेच तिचं घर. पेटीत कंपनीच्या भाषेतले, एकाच शिक्क्याचे चार कागद होते. आज वकिलासमोर पेटी उघडली, तर तीनच निघाले. वकिलाने ते कोणाकडून तरी वाचून घेतले. तिन्ही नुसती आभाराची पत्रं; सनद त्यांत नव्हती.

“घरी सांगितलंत?” गुप्तहेर बाईंनी विचारलं.

“कोणत्या तोंडाने सांगू? सरळ इकडे आले.”

“मग गप्पच राहा.”

बाई निघाल्या. मागोमाग त्यांचे जोडीदार, निवृत्त हवालदार.

तिचा भाऊ बंदरात माल उचलायची यारी चालवायचा. “पाडू दे की! बिल्डर फ्लॅट देतोय. आणि तो कागद मला उलटा धरलाय की सुलटा, तेही कळायचं नाही.”

पोटमाळ्यावरचा भाडेकरू समुद्रापलीकडचा खलाशी. त्याच्या देशावरही त्याच कंपनीचं राज्य होतं. “मला ती भाषा वाचता येते,” तो नजर चुकवत म्हणाला. “पण मी काही उचललं नाही.”

म्हातारे वडील खाटेवर पडून होते. बाई एवढंच म्हणाल्या, “पेटीतला एक कागद गेलाय.”

“सनद गेली म्हणजे घरच गेलं,” ते पुटपुटले. “उरली तीन आभाराची पत्रं. ती काय चाटायची?”

जिन्यात हवालदार कुजबुजले, “भाडेकरूच! वाचता येणारा तोच एकटा.”

बाईंनी सगळ्यांना खाटेभोवती बसवलं.

“न वाचता येणाऱ्याने अख्खी पेटी नेली असती. म्हणजे भाऊ सुटला. भाडेकरू चोर असता, तर वाचता येतं हे त्याने आपणहून सांगितलं नसतं. पण काका, गेली ती सनद आणि उरली ती आभाराची पत्रं, हे मी बोलले नव्हते. तुमची लेकही नाही. तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?”

भाडेकरूने मान खाली घातली. “त्यांनी मला शपथ घातली होती.”

वडिलांनी गादीखालून कागद काढला. “जाळायला गेलो, हात धजला नाही. बक्षीस आहे हे, पोरी. हमालांनी संप केला, तेव्हा पुढाऱ्यांची नावं माझ्या आजोबांनी कंपनीला दिली. अकरा जण फासावर गेले. सगळे याच गल्लीतले.”

उद्या हीच गल्ली तिच्या बाजूने उभी राहायला कोर्टात येणार होती.

“यातली नावं वाच,” ती भाडेकरूला म्हणाली.

तिसऱ्या नावाला तिने हात वर करून त्याला थांबवलं. शेजारच्या आजींचे आजोबा. आई गेल्यावर त्याच आजींनी तिला वाढवलं होतं.

“कोर्टात हे सगळ्यांसमोर वाचतील. त्याआधी आजींनी माझ्या तोंडून ऐकावं.”

“तोंडावर थुंकतील तुझ्या!” वडील म्हणाले.

“थुंकू देत.”

कागद घेऊन ती बाहेर पडली. तिने शेजारचं दार वाजवलं.

“ये गं,” आतून आवाज आला, “उघडंच आहे.”