जिभेखालचा पांढरा ठिपका

मिरजेच्या त्या दवाखान्यातल्या वायफायपेक्षा बैलगाडी बरी, असं म्हणत संयोगिता मघापासून धुमसत होती. आबांच्या मेंदूत ट्यूमर होता. पुण्याच्या सर्जनना अख्खा सीटी स्कॅन बघायचा होता, त्याशिवाय ते ऑपरेशनला हो म्हणणार नव्हते. आणि फाइल एवढी अवाढव्य, की मेल ती घेईचना. शेवटी तिनं ती ड्राइव्हवर चढवली, लिंक असेल त्याला उघडता यावी अशी परवानगी दिली आणि लिंक मेलनं धाडली.

थोड्या वेळानं सर्जनचा फोन आला.

"स्कॅनच्या वेळी वडिलांच्या तोंडात काय होतं? जिभेखाली धातूचा मणी दिसतोय. त्याच्या पांढऱ्या रेघांनी ट्यूमरच झाकून गेलाय. असल्या चित्रांवर मी डोकं उघडणार नाही."

संयोगिता तणतणत खाली स्कॅनच्या खोलीत गेली. "डोळे मिटून काम करताय काय तुमी?"

स्कॅन काढणाऱ्या सिद्धूनं मशीनवर आबांची चित्रं लावली. जिभेखाली काही नव्हतं.

"कवळीसुदीक मीच काढून ठेवलीवती, ताई."

तिनं त्याच्यासमोरच ड्राइव्हवरची फाइल उघडली. मणी होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, पांढराशुभ्र. तिनं रागारागानं ती फाइल पुसून टाकली आणि त्याच मशीनवरून नव्यानं चढवली, सर्जनना नवी लिंक पाठवली. उघडून बघितलं, तर मणी होताच.

सिद्धूनं खुर्ची मागं सरकवली.

वर आबा गाढ झोपले होते. तिनं त्यांचा जबडा हलकेच उघडून बोट फिरवलं. तोंड रिकामं होतं.

"काय बघतीस गं?" उशाशी बसलेल्या राहीबाई आत्यानं विचारलं.

"जिभेखाली मणी दिसतोय म्हनं डॉक्टरला."

आत्याचा चेहरा उतरला. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला.

"काय हाय त्यात, आत्या?"

"सोन्याचा मनी. मेलेल्याच्या तोंडात सोनं घालाय लागतं, पोरी. परक्या गावात ऐन वक्ताला कुटं हुडकायचा?"

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा श्वास घेत होते आणि सख्खी बहीण त्यांच्या मरणाची तयारी बांधून उशाशी बसली होती!

"मी जिती हाय तवर आबांच्या तोंडात सोनं पडायचं न्हाई! आन हिकडं!"

तिनं पदर हिसकला. गाठ करकचून आवळलेली होती, नखांनी सोडवावी लागली.

आत काही नव्हतं.

फोन वाजला.

"लिंक आत्ता परत उघडली," सर्जन म्हणाले. "मणी नाहीये. सगळं स्वच्छ दिसतंय. उद्या घेऊन या वडिलांना, वाचतील ते."

तिला रडूच फुटलं. हो म्हणायला तिनं तोंड उघडलं.

जिभेखाली काहीतरी गार लागलं.