ताईने विचारलंय

लहान मुलांच्या त्या दवाखान्यात फोन उचलायचं काम तिचं. फ्लूच्या लशींचा हंगाम सुरू झाला की फोनला उसंत नसे आणि तिच्या जिभेलाही. म्हणून सिस्टर तिला मैना म्हणायच्या, आणि हळूहळू डॉक्टरही तेच म्हणायला लागल्या.

त्या सकाळी फोनवर एका पुरुषाचा आवाज आला. शांत, जरासा घुटमळणारा.

"मला लशीबद्दल विचारायचं होतं. फ्लूच्या. त्यात म्हणे ते... प्रिझर्व्हेटिव्ह असतं?"

"आमच्याकडच्या लशीत नसतं," मैना सवयीने म्हणाली. "प्रत्येक मुलाची वेगळी, भरलेलीच सिरिंज येते. तिच्यात घालावं लागत नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. भीती वाटते का त्याची?"

"मला कसली! मी जॅमच्या कारखान्यात आहे. दिवसभर बाटल्यांत तेच तर घालतो."

मैनाला हसू फुटलं. "मग तुम्हालाच जास्त माहीत!"

"जॅमचं माहीत आहे हो. पण जॅम कुणी टोचून घेत नाही ना... आणि मी नाही, ताईने विचारलंय."

ताई आणि मेहुणे दोघंही मालवाहू जहाजावर कामाला. त्यांची पाच वर्षांची मुलगी सध्या याच्याकडे. मागच्या थंडीत फ्लूचा न्यूमोनिया होऊन पोर दवाखान्यात पडली होती, म्हणून या वर्षी पहिल्यांदाच लस द्यायची ठरली होती.

"म्हणजे तुम्ही मामा," मैना म्हणाली. आणि हे ऐकून आपल्याला एवढं बरं का वाटलं, ते तिचं तिलाच कळेना.

दुपारी मामा-भाची आले. मामा उंच, किडकिडीत, बाह्या दुमडलेल्या, अंगाला पिकल्या फळांचा वास. भाचीचं नाव घरात ठकू. डोक्यावर मामाची टोपी पार नाकापर्यंत आलेली.

"सकाळचा आवाज तुमचाच," तो म्हणाला.

"आणि सकाळची शंका तुमचीच."

"माझी नाही, ताईची..." तो म्हणाला, आणि बघतच राहिला. मैनाने उगाचच पेन शोधायला खण उघडला.

ठकूचे कागद द्यायला ती आतल्या खोलीत गेली. ठकू मामाच्या मांडीवर होती, दंड उघडा. आणि सिस्टर एका मोठ्या बाटलीतून रिकाम्या सिरिंजमध्ये लस ओढून घेत होत्या. मैनाच्या लगेच ध्यानात आलं. भरलेल्या सिरिंजा सकाळीच संपल्या होत्या, नवा माल आला नव्हता, म्हणून आज बाटल्या काढल्या होत्या. आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

"सिस्टर, थांबा!"

सिस्टरांचा हात हवेतच राहिला. "आता काय गं?"

"यांना मी सकाळी सांगितलं की आपल्या लशीत प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. या बाटलीतल्या लशीत असतं."

"अगं, पण ही काही वाईट लस नाही!"

"माहीत आहे. पण टोचल्यावर सांगून काय उपयोग?"

मामाचा चेहरा उतरला. "म्हणजे सकाळचं ते 'अगदी नक्की'..."

"चुकलं माझं. न बघता बोलले." तिचे कान तापले होते.

डॉक्टरांना बोलावलं. त्या स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि साध्या शब्दांत सांगू लागल्या. एका बाटलीतून बऱ्याच जणांना लस देतात, सुई पुन्हा पुन्हा आत जाते. चुकून जंतू गेले तर ते वाढू नयेत म्हणून अगदी थोडं औषध घालतात. त्यात पारा असतो हे खरं. पण माशांतून पोटात जाऊन अंगात साठत जातो तो पारा वेगळा. हा शरीरातून लवकर निघून जातो. वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, मुलांना त्याने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही.

"तरी मन होत नसेल तर थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "आठवड्याभरात सिरिंजा येतील. फक्त साथ तोवर थांबायची नाही."

त्याने ताईला फोन लावला. जहाजाला रेंज नव्हती. ठकूच्या वर्गातली निम्मी मुलं आजारी होती. त्याने एकदा ठकूकडे पाहिलं, मग मैनाकडे.

"तुम्ही घेतली का लस?"

"घेतली. पण सिरिंजवाली, मागच्या आठवड्यात. खोटं कशाला सांगू? आज घ्यायची असती, तर याच बाटलीतली घेतली असती."

तो एकदम हसला. "द्या सिस्टर, टोचा."

ठकूने दवाखाना डोक्यावर घेतला.

पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्या लहान मुलांना चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. त्या चार आठवड्यांत फोन येतच राहिले.

"ताईने विचारलंय, हात दुखतोय तर खेळायला पाठवू का?"

"ताईने विचारलंय, आइस्क्रीम चालेल ना?"

"ताईने विचारलंय... दुपारी तुम्हाला जेवायला वेळ मिळतो का?"

"हे ताईंना कशाला हवंय?"

"जहाजावर वेळ जात नाही हो तिचा."

मैना आता पहिली घंटा पुरती वाजायच्या आतच फोन उचलायला लागली. सिस्टर चष्म्यावरून बघायच्या.

मग एका सकाळी खरखरत एका बाईचा आवाज आला. "मी ठकूची आई. भावाने सगळं सांगितलं. आधी मला रागच आला होता. मग वाटलं, स्वतःची चूक तोंडावर सांगते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

मैनाला भरून आलं. "तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली ना?"

"सगळ्या? मी तर एकच विचारला होता. प्रिझर्व्हेटिव्हचा."

"मग ते आइस्क्रीमचं, माझ्या जेवणाचं..." मैना बोलून गेली. मग तिकडून ताई मोठ्याने हसली. "अस्सं! म्हणजे आमचे बंधुराज..."

दुसऱ्या डोसच्या दिवशी सिरिंजा आल्या होत्या. "सिरिंज असो की बाटली, चालेल," मामा म्हणाला. सिस्टर ठकूला घेऊन आत गेल्या आणि मामाला त्यांनी बाहेरच थांबवलं. "तुम्हाला बघून ती जास्त रडते."

बाहेर दोघंच उरले.

"ताईंचा फोन आला होता," मैना म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "काय... काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मी एकच प्रश्न विचारला होता."

"पहिला तिचाच होता." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बाकीचे... तुमचा आवाज ऐकायला दुसरं निमित्त सुचेना."

"सरळ विचारायचं."

"आता विचारू?"

"विचारा. पण ताईंना मध्ये आणू नका."

त्याने मान वर केली. "तुम्ही मला आवडता. फार." मग गडबडून म्हणाला, "हा प्रश्न नाही झाला..."

"नाही झाला," मैना म्हणाली. "पण उत्तर हो आहे."

तेवढ्यात आतून "मामाऽऽ!" अशी आरोळी आली आणि तो धावला.

संध्याकाळी दवाखाना बंद करून ती बाहेर पडली, तर मामा-भाची पायरीवर बसलेले. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी तिघं चालायला लागले. गार वारा सुटला होता. मैनाने ठकूचा डावा हात धरायला हात पुढे केला.

"हात नको लावूस, दुखतोय!" ठकू ओरडली. तिच्या उजव्या हातात मामाचं बोट घट्ट होतं.

मग मैनाला एकच जागा उरली. ती वळसा घालून मामाच्या दुसऱ्या बाजूला गेली. त्याचा तो हात रिकामाच होता.