सहावे कव्हर

पुण्याहून पाहुणी येणार म्हणून सांबप्पांनी सकाळीच ओसरीतल्या पंख्याचा रेग्युलेटर उघडला होता. तीनवर लावला तरी पंखा एकच्या गतीने फिरे, आणि असली विसंगती त्यांना सहन होत नसे. तंत्रनिकेतनातला विद्युत शाखेचा डिप्लोमा आणि येलदरीच्या जलविद्युत केंद्रातली उभी हयात, यांनी त्यांना एक सवय लावली होती. बिघाड दिसला की आधी कारण शोधायचे, मगच पान्याला हात घालायचा. ज्याचे कारण सापडत नाही तो बिघाड त्यांच्या लेखी नीट न पाहिलेला बिघाड होता.

"सोडा तो पंखा," स्वयंपाकघरातून गौराबाई म्हणाल्या. "ती पोरगी मला बघायला यायलीय, तुमच्या पंख्याला न्हाई."

"उकडायलंय लय. घामानं भिजलीस म्हणजे फोटोत..."

पुढचे वाक्य त्यांनी गिळले.

गौराबाईंना त्यांच्या वालूर गावाबाहेर सारा मराठवाडा ओळखत होता. शिवभक्तीची पदे गावीत तर त्यांनीच, असे म्हणणारी माणसे अजून हयात होती. एके काळी कितीतरी दुकानांची शटरे त्यांच्या आवाजाबरोबर वर जात, आणि यात्रेत त्यांच्या कॅसेटींचे ढीग लागत. लोक आवाजाइतकेच त्यांच्या चेहऱ्याबद्दल बोलत. पाच कॅसेटी निघाल्या आणि पाचही कव्हरांवर गौराबाईंचा फोटो होता. प्रत्येकावरची मुद्रा निराळी. एकीवर ओठाचा उजवा कोपरा खाली ओढलेला, जणू एखादी तक्रार सांगायची राहून गेली आहे. एकीवर भुवया उंचावलेल्या, तोंड किंचित उघडे. एकीवर डोळे अर्धवट मिटलेले आणि गालात एक अवघडलेले हसू. भाविक म्हणत, बाई गाताना देहात राहत नाहीत, आणि कव्हराला हात लावून तो कपाळाला लावत.

पाचवी कॅसेट निघाली त्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा शंभुराज घरातून गेला. वय वीस. मित्राला गाडीत बसवून देतो म्हणून सेलूच्या स्टेशनावर गेला आणि परतला नाही. सायकल स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली नीट कुलूप लावून उभी होती. भांडण नव्हते, नापास झालेला नव्हता, कुणात गुंतलेला नव्हता. कारण सापडले नाही.

पोलिसांना द्यायला त्याचा स्वच्छ फोटो हवा, म्हणून सांबप्पांनी घरातली फोटोंची पेटी उपसली, आणि तेव्हा ती गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला आडवे नेत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळाला भस्म लावून, मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि बसलेल्या स्थितीतच मातीत उतरवतात. बसवल्यानंतर फोटो काढायचा रिवाज त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा होता. पेटीत ते फोटो एका पुडक्यात होते, आणि त्याच पुडक्याखाली कुणीतरी कॅसेटींची जादा छापलेली कव्हरे ठेवलेली होती.

सांबप्पांनी आपल्या वडिलांचा शेवटचा फोटो उचलला. ओठाचा उजवा कोपरा खाली ओढलेला, जणू एखादी तक्रार सांगायची राहून गेली आहे.

ते कव्हर वडील जाण्याच्या चार-पाच महिने आधीचे होते.

त्यांनी घाई केली नाही. ड्रॉइंगसाठी वापरायचा पारदर्शक कागद काढला, एकेका चेहऱ्यावर ठेवून पेन्सिलीने रेषा घेतल्या. पापणीपासून भुवईचे अंतर, ओठांच्या टोकांचा कल, हनुवटीचा ताण. नाक वेगळे होते, वय वेगळे होते, एक बाई होती आणि एक पुरुष. तरी कागदावर कागद ठेवला की रेषा एकमेकींवर बसत. वडील, मग आई, मग गौराबाईंचे थोरले बंधू, मग चुलती, आणि शेवटी सांबप्पांचा धाकटा भाऊ राजेश्वर. पाच कव्हरे, पाच माणसे. प्रत्येक वेळी कव्हर आधी आणि माणूस नंतर.

मागे पावलांचा आवाज झाला.

"तुमाला बी दिसलं का?" गौराबाईंनी विचारले. त्यांच्या स्वरात आश्चर्य नव्हते. "मला तिसऱ्या टायमाला कळलं. गाणं मी म्हणते हो. चेहरा मी करत न्हाई."

दोन्ही तऱ्हेचे फोटो एकाच माणसाने काढलेले होते: परभणीचे स्टुडिओवाले माणिकराव. सांबप्पा त्यांना जाऊन भेटले, तेव्हा माणिकरावांनी आधी चहा मागवला, मग गल्ल्याआडची खुर्ची सरकवली.

"साहेब, मी हर टायमाला म्हणायचो, बाई, जरा हसा. त्या हसायच्या बी. म्या बटन दाबायचो, अन् त्याच वक्ताला काचेच्या आतून दुसरंच कोणतरी बघायचं." त्यांनी कप बशीत ठेवला. "पासबुकाचा फोटो काढला, लग्नातले काढले, कायच न्हाई. निस्तं गाण्यासाठी बसल्या की. बरं झालं त्यांनी बंद केलं. म्या स्वतःहून न्हाई म्हणणार होतो."

गौराबाईंनी गाणे रेकॉर्ड करणे बंद केले, याला आता बावीस वर्षे झाली होती. लोकांना वाटे मुलाच्या दुःखाने. ते खोटेही नव्हते. परंतु सांबप्पांनी त्या पाच कव्हरांवर मनातल्या मनात एक आधार उभारला होता. पाच मुद्रांची पाचही माणसे ओळखीची निघाली. शंभूची मुद्रा त्यांत नाही. म्हणजे शंभू आहे. या तर्कात एक फट होती. पाचव्यानंतर कव्हरच निघाले नाही, तर त्यात कुणाचा चेहरा दिसणार? ती फट त्यांना स्पष्ट दिसत होती. आयुष्यात हीच एक फट त्यांनी जाणूनबुजून तशीच ठेवली होती.

आणि आता पुण्याच्या एका कंपनीला गौराबाईंची पदे नव्याने रेकॉर्ड करायची होती. गौराबाई फोनवर हो म्हणाल्या होत्या, सांबप्पांना न विचारता.

ऋतुजा अकराच्या सुमारास आली. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, केस वर बांधलेले, बोलण्यात पुण्याची स्वच्छ घाई. तिला गावातल्या बारवेच्या पायऱ्यांवर फोटो काढायचे होते.

"माझे गुडघे तुज्या कंपनीनं बदलून दिले तर येते," गौराबाई म्हणाल्या. "इथंच काढ ओसरीत. अन् तोंड उघडायला लावू नको. समोरचे दोनच दात राहिलेत, ते बी माहेरी जायच्या तयारीत हायेत."

ऋतुजा खळखळून हसली. सांबप्पा हसले नाहीत.

"जुना फोटो चालणार नाही का?" त्यांनी विचारले. "आमच्याकडे पुष्कळ आहेत."

"काका, लोकांना काकू आज कशा दिसतात ते बघायचंय. जुने तर सगळ्यांच्या घरात आहेत."

ती बॅग उघडत असताना सांबप्पा आत गेले. गौराबाई आरशासमोर कपाळावर भस्माची तीन बोटे ओढत होत्या.

"नको म्हण तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "अजून बी वेळ गेली नाही. पंचवीस वर्षं गाण्यावाचून काय अडलं?"

"बावीस."

"गौरा, कुणाचा बी निघंल तो चेहरा. माझा निघंल."

"निघू द्या की. तुमी काय कमी जगलात?" त्या आरशातूनच त्यांच्याकडे बघून किंचित हसल्या, आणि मग ते हसू राहिले नाही. "अहो, तुमाला तो जिता हाय असं वाटलं म्हंजे भागतं. मला तसं न्हाई चालत. बावीस वर्षं झाली, रोज दोन भाकरी जास्तीच्या थापायलेय मी. तो असला तर असल्याचं कळू द्या. नसला तर एकदा रडू द्या."

सांबप्पांनी तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि बाजूला झाले.

ओसरीत खुर्ची मांडली होती. पंखा आता तीनवर तीनच्याच गतीने फिरत होता. ऋतुजाने तो बंद करायला सांगितला. केस उडत होते.

"काकू, एखादं पद गुणगुणा. कॅमेऱ्याकडे बघू नका."

गौराबाईंनी डोळे भिंतीवर लावले आणि खालच्या पट्टीत सूर धरला. आवाज थकला होता, पण जागेवर होता. पहिली ओळ संपली. दुसरी सुरू झाली आणि मध्येच थांबली.

सांबप्पा दारात उभे होते. त्यांनी ठरवले होते की बघायचे नाही. त्यांनी बघितले.

डावी भुवई किंचित वर. खालच्या ओठाचा अर्धा भाग दातांखाली धरलेला. आईला सुईत दोरा ओवून देताना शंभूचा चेहरा असाच होई. दोरा ओवला जाईपर्यंत तो श्वाससुद्धा घेत नसे.

मात्र हा चेहरा वीस वर्षांच्या पोराचा नव्हता. डोळ्यांखाली काळसर खड्डे होते, कपाळावर आडव्या आठ्या, गालांत ओढ. हा थकवा म्हातारपणाचा नव्हे, हे सांबप्पांना लगेच कळले. येलदरीला रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडावर त्यांनी तो आयुष्यभर पाहिला होता. हा बेचाळीस वर्षांचा, कष्टाची नोकरी करणारा माणूस होता. त्याला या वयात त्यांनी कधीच पाहिले नव्हते.

शंभू जिवंत होता. आज, या क्षणी, कुठेतरी होता.

आणि त्याच्या मुद्रेचे सहावे कव्हर निघत होते.

"वा, काकू! काय एक्स्प्रेशन आहे," ऋतुजा म्हणाली. क्लिक, क्लिक. "हं, आता चेहरा सैल सोडा. काकू? झाले फोटो."

चेहरा सैल झाला नाही.

ऋतुजाने कॅमेरा खाली घेतला. ती सांबप्पांकडे वळली, पुन्हा गौराबाईंकडे बघितले, आणि हसायचा प्रयत्न केला. जेवायला थांबली नाही. सेलूहून गाडी आहे म्हणाली.

आजवर कधी असे झाले नव्हते. मागचे पाचही चेहरे क्षणात आले आणि क्षणात गेले होते.

सांबप्पांनी दार लोटले. दुसरी खुर्ची आणून ते समोर बसले. गौराबाईंचे डोळे भरले होते. परंतु त्या बोलल्या नाहीत, ओठ हलवला नाही. आपण बोललो तर तो जाईल, असे त्यांना वाटत असावे.

"शंभू," सांबप्पा म्हणाले.

भुवई तशीच वर.

"जेवलास का रे?"

दुपार कलली. ते त्याच्याशी बोलत राहिले. आईने गाणे सोडले ते सांगितले. सायकल अजून माळ्यावर आहे, तिला दर दिवाळीला तेल देतो, हे सांगितले. का गेलास, हे विचारायचे होते, बावीस वर्षे हाच एक प्रश्न होता; तो त्यांनी विचारला नाही.

"दमलास," एवढेच म्हणाले. "लय काम करतोस वाटतं."

उन्हाची तिरीप ओसरीतून उंबऱ्यावर आली, मग अंगणात गेली.

दिवस मावळायच्या बेताला दातांखालचा ओठ सुटला.

भुवई खाली आली. गालातली ओढ गेली, कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. समोर गौराबाई बसल्या होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या.

त्यांनी उजवा हात गालावरून फिरवला, काही शोधल्यासारखा. मग पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजाचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"काका, तुम्हाला एक फोटो पाठवलाय. बघाल का? काल मी काकूंचे डोळे उघडे असतानाच सगळे फोटो काढले होते. मी स्वतः बघितलं होतं. आता सगळ्यांमध्ये मिटलेले दिसतायत. आणि... तुम्हीच बघा. तिथं आपण तिघंच होतो ना?"

सांबप्पांनी चष्मा पुसला. गौराबाई त्यांच्या खांद्याला टेकून उभ्या राहिल्या.

चेहरा गौराबाईंचा, पण मुद्रा शंभूची, आणि ती शांत होती. डोळे मिटलेले, ओठ जुळलेले, मान अगदी सरळ. बसवलेल्या माणसाची मान आपोआप सरळ राहत नाही. फोटोपुरती ती मागून कुणीतरी धरावी लागते. कानामागून पुढे आलेली चार बोटे दिसत होती. बाईची बोटे. मनगट चित्राच्या कडेशी अर्धे कापले गेले होते.

गौराबाईंनी पडद्यावर बोट टेकले. चित्र मोठे झाले. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, गच्च भरलेल्या.

"अजून फोडल्या न्हाईत सुनंच्या," गौराबाई म्हणाल्या.