न बांधलेली चिंधी

ही गोष्ट खरी आहे. अशा पेजवर लिहिताना लोक नावं बदलतात. मी एकही बदललं नाही, मुद्दामच.

आणि रात्र-अमावस्या काही नव्हती हो. सकाळचे दहा, डोक्यावर चांगलं ऊन.

मी उमेंद्र. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाचा डोंगर दिसतो त्या बाजूला आमचं धरण आहे. आम्ही ढिवर, मासे धरणं हाच धंदा. धरण झालं तेव्हा जंगल पाण्याखाली गेलं, पण मोहा-सागाची ठुठं, म्हणजे वठलेले बुंधे, अजून तळाला उभी आहेत. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की ती वरून हातभरच खाली राहतात. दिसत मात्र नाहीत.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. ज्याच्या बोटीला ठोकर लागली त्यानं तिथंच थांबायचं, बांबू रोवायचा आणि आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची चिंधी फाडून त्याला बांधायची. मागचा माणूस ती बघून वळून जातो.

पूर्वी लाकडी डोंगे होते. डोंगा फुटायचा, पण हळूहळू पाणी घ्यायचा, माणसाला काठ गाठू द्यायचा. मग फायबरच्या बोटी आल्या. त्या फुटतच नाहीत, कितीही आदळा. नुसत्या उसळतात... आणि आतला माणूस बाहेर पडतो.

मार्च २०२४. संध्याकाळी मला ठोकर लागली. मासे न्यायला गाडी काठावर उभी होती, आणि बांबू मी घरीच विसरलो होतो. म्हटलं, उद्या बांधू.

दुसऱ्या दिवशी बिसरामभाऊ माझ्या आधी पाण्यावर गेला.

बिसरामभाऊ माझा शेजारी. पंधरा वर्षं आम्ही जोडीनं जाळं टाकलं. मला पोहायला त्यानंच शिकवलं. दुपारी त्याची बोट एकटीच तरंगताना दिसली. जेवणाचा डबा आत, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची प्लास्टिक पन्नी आत.

तो स्वतःच्याच जाळ्यात गुंतलेला सापडला. त्याच ठुठाजवळ.

गावातल्या बोटी मीच दुरुस्त करतो. त्याची उलटी करून पाहिली. एक तडा नाही, पुढं बोटभर ओरखडा फक्त. लोक म्हणाले, अटॅक आला असेल. मी होकारार्थी मान हलवली.

त्याची बायको, फुलवंता वहिनी, एकच विचारत राहिली. "येवढी मजबूत बोट, तिले काई झालं नाई. मंग मानूस कसा गेला, भाऊजी?"

तेरवीनंतर तिनं ती बोट मलाच दिली. नाही म्हणायला तोंड नव्हतं माझं.

त्यानंतर पाण्यावर मी एकटाच जायचो, त्याच बोटीत. डबा उघडला की अर्धा भात त्याच्यासाठी बाजूला सारायचो, मग आठवायचं.

मागच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा ते झालं.

नोव्हेंबरात धरण तुडुंब असतं. ते ठूठ दोन पुरुष खाली. तरी त्या जागी, सकाळी दहाच्या उन्हात, बोट... धाडकन आदळली.

बांबू खाली घातला. पूर्ण गेला, काहीच लागलं नाही.

मग लक्षात आलं, आवाजच नाही कुठं. पाणकावळे नाहीत. वाऱ्याचा पाण्यावर होणारा आवाजही नाही.

आणि बोटीच्या तळाखालून आलं...

खर्र... खर्र... खर्र...

बिसरामभाऊ खर्रा असाच घोटायचा. पन्नीत धरून, बोटीच्या फळीवर घासत, थांबत थांबत. हा आवाज मात्र पाण्याच्या बाजूनं येत होता.

काठाला कसा आलो, देव जाणे. बोट उलटी केली. नवा ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवसांनी पुन्हा. नंतर तर मी जाईन तिथं ठोकर.

शेवटी जानेवारीत दोन बांबू जोडून नेले. त्या जागी रोवले. दुपट्टा फाडला, चिंधी बांधली आणि मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, चुकलं माह्यं. त्याच दिवशी बांधाले पाह्यजे होतं."

त्या दिवशी ठोकर लागली नाही. किती महिन्यांनी पोटभर जेवलो.

सकाळी फुलवंता वहिनी बोलवायला आली. बोट मी तिच्या घरामागं, कोरड्या जमिनीवर ओढून ठेवायचो.

बोटीच्या पुढच्या कडीला माझी चिंधी बांधलेली होती.

ओली. आणि गाठ दोन पदरी... बिसरामभाऊ मारायचा तशी.

वहिनीनं ती हातात धरली. "तुमच्याच दुपट्ट्याची आहे. कोठं लागली ठोकर?"

तेव्हाच सांगायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं.

"काल," मी म्हणालो. "धरणाच्या मधात."

तिनं चिंधीवरून हात फिरवला. "बांधली, बरं केलं भाऊजी. त्यायच्या आधी कोनी बांधली असती, त आज घरी असते ते."

ठक्...

कोरड्या जमिनीवरची बोट हादरली. माझा हात तिच्यावर होता म्हणून कळलं. वहिनीला काहीच ऐकू आलं नाही.

याला दोन महिने झाले. मी पाण्यावर जात नाही. बोट तिथंच पडून आहे, धडधाकट. चिंधी सोडायची माझी हिंमत नाही. आणि आता ठोकर माझ्या खाटेला लागते. खालून.

फुलवंता वहिनीजवळ मोबाईल नाही. पण तिची मुलगी प्राची गोंदियाला कॉलेजात आहे, आणि ती हे पेज वाचते हे मला माहीत आहे.

प्राची, आदल्या दिवशी त्या ठुठाची ठोकर मला लागली होती. मी चिंधी बांधली नाही. आईला हे वाचून दाखव. मला तिच्यासमोर बोलता येत नाही, पोरी.

हे लिहायला बसलो तेव्हापासून खाटेखाली खर्रा घोटायचा आवाज चालू होता.

आत्ता थांबलाय...

मी पाठवतो की नाही, हे बघत असावा.