सगळे आत?

अमेरिकेतल्या मोंटानात टॉलेफसनांच्या रँचवर हिमवादळ आलं की एक रीत पाळतात. स्वयंपाकघराच्या दारातल्या लोखंडी कडीपासून थेट गोठ्यापर्यंत दोर बांधायचा आणि त्याला धरूनच जायचं-यायचं. माणसं परतली की कडीवरची गाठ सोडून दार लावायचं. पण त्याआधी मोठ्याने विचारायचं, "सगळे आत?" प्रत्येकाने "आत" म्हणायचं.

वर्ना या घरची सून. तिला या प्रकाराचं हसू यायचं.

"घरात दोनच टाळकी," त्या दुपारी ती नवऱ्याला म्हणाली. "विचारू कुणाला, मांजराला?"

"विचारायचं म्हणजे विचारायचं." ऑरिन बूट चढवत होता. गोठ्यात गाय अडली होती. "पटत नसेल तर माझ्या पणजीला विचार."

"वर जाऊन?"

"घाई नाही. आधी कॉफी ठेव."

तो गेला आणि दोन पावलांतच पांढऱ्यात मिसळून दिसेनासा झाला.

हे घर बांधलं त्या पणजीने, गुनहिल्डने, आणि तिच्या नवऱ्याने, हालवोरने. पहिल्याच हिवाळ्यात तिने असंच विचारलं. आतून हालवोरच्या आवाजात उत्तर आलं. तिने निर्धास्तपणे दोर सोडला. बर्फ वितळल्यावर हालवोर सापडला तो दारापासून हाकेच्या अंतरावर, मुठीत दोराचं टोक धरलेला. गुनहिल्ड मरेपर्यंत सांगत राहिली, "तो 'आत' म्हणाला होता." वारा असेल, असं लोक म्हणाले. घर काही कुणी सोडलं नाही. दर पिढीने एखादी खोली वाढवली, एवढंच.

वर्ना तळघरातून बटाटे घेऊन वर आली. खिडक्या करकरत होत्या. ऑरिनला जाऊन बराच वेळ झाला होता.

"सगळे आत?"

"आत," झोपायच्या खोलीतून ऑरिनचा आवाज आला. दमलेला.

तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या दाराने आला असणार. "बूट काढलेस ना? गालिचा भिजवलास तर बघ!"

दोर सोडायला तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं. बर्फाचा लोट अंगावर आला. गाठ गोठून घट्ट झाली होती. एक वेढा सुटला, दुसरा सुटला...

आणि दोराला बाहेरून हिसका बसला.

मग आणखी एक. हातावर हात टाकत कुणी पुढे सरकत असावं, तसा. वर्नाने सुटता दोर मनगटांना गुंडाळला आणि उंबऱ्याला पाय रोवून ती मागे रेलली.

"ऑरिन!... ऑरिन!"

तो दारातच कोसळला. मिशा गोठलेल्या, ओठ निळे.

"दोर ढिला कशाला केलास गं... मेलो असतो ना मी!"

तिने नुसता त्याचा हात गच्च धरला. दुसऱ्या हाताने त्याने तिच्या मनगटांवरचा दोर सोडवला, दार लोटलं, अडसर घातला. आणि जन्माच्या सवयीने विचारलं,

"सगळे आत?"

नको, नको, अशी मान हलवत वर्नाने ओठ मिटून घेतले.

झोपायच्या खोलीतून तिच्याच आवाजात उत्तर आलं.

"आत."

ऑरिन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच तिच्या हातातून आपला हात सोडवला.