दिवेवाल्याचे दोन वारस

“आपला मूळपुरुष दिवेवाला, पोरी. अंधार पडला की अख्खा समुद्र त्याच्याकडे बघायचा!” लहानपणी माझी वेणी घालता घालता आत्या सांगायची. आत्या गेली, आवाज राहिला. त्या आवाजाच्या मागे मागे मी जुन्या नोंदींच्या कचेरीत गेले, दीडशे वर्षांपूर्वीची दीपगृहाच्या वस्तीची नोंदवही मागितली... तर ती आधीच एकाच्या पुढ्यात उघडी!

“मला हवीय ती.”

“मलाही. माझे खापरपणजोबा आहेत यात. दीपगृह सांभाळायचे.”

“दिवेवाला? तो तर आमचा!”

तो खळखळून हसला. “म्हणजे भाऊबंद निघालो की आपण! या बहीणबाई, बसा.”

बसले. वही एक, डोकी दोन. कागद इतका जीर्ण, की पान दोघांनी मिळून उलटायचं – वरचा कोपरा त्याने उचलायचा, खालचा मी. मध्ये बोटं हळूच भेटायची... आणि दचकून दूर व्हायची.

शनिवारमागून शनिवार गेले. त्याची फांदी, माझी फांदी, दोन्ही एकाच खोडाकडे निघालेल्या. सापडावं म्हणून आलेली मी, आता मनात म्हणायचे – नको, नको सापडू!

“बहीणबाई, चहा घेणार?” तो विचारायचा. तो शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली यायचा.

एका शनिवारी तो गप्पच. बहीणबाईसुद्धा नाही.

“आज हसू घरी विसरलात वाटतं?”

“मागच्या वेळी तुम्ही चहा आणायला गेलात ना... तेव्हाच सापडलं. सांगायला जीभच रेटेना.” त्याने पान दाखवलं. दिवेवाल्याची दुसरी बायको विधवा होती, आणि सोबत तिच्या पहिल्या घरचा लहानगा मुलगा. “तो मुलगा म्हणजे तुमचे खापरपणजोबा. दिवेवाल्याने नाव दिलं, माया दिली... पण रक्ताचे वारस आम्हीच, त्याच्या पहिल्या बायकोचे. तुमच्या आत्याचा एवढा अभिमान... तो मी कसा हिरावून घेऊ?”

मी नोंद वाचली. पुन्हा वाचली. आत्यासाठी डोळे भरून आले, ओठ मात्र ऐकेनात.

“तुम्ही... हसताय?”

“घ्या, दिवेवाला तुमचा! आनंदाने दिला.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना, आत्यासाठी. पण खरं सांगू...” मी खाली पाहिलं, मग सरळ त्याच्या डोळ्यांत. “पहिल्या दिवसापासून मला तुमची बहीण व्हायचंच नव्हतं.”