शास्त्रीबुवांचा पानाचा डबा

"ताई, घरात मला विष घालणारी ठरवलंय," कडेवरच्या तान्ह्या अंतराला सावरत सीता म्हणाली.

मुन्शी घाटावरच्या खासगी गुप्तहेर मालविकाने तिला पाणी दिलं. सीताच्या सासऱ्यांच्या, ढुंढिराजशास्त्रींच्या, मूत्रपिंडांना सूज आली होती. एखाद्या औषधाने असं होतं, ते सापडून बंद झालं नाही तर मूत्रपिंडं कायमची जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरच्यांच्या मते शास्त्रीबुवा औषधच घेत नव्हते. मग आत्यासासूबाई शरदिनींनी सीताच्या तुळस-आल्याच्या काढ्यावर बोट ठेवलं आणि तिला स्वयंपाकघर बंद केलं.

"काढाच असणार. केस खतम, दीदी," मालविकाचा साहाय्यक मुकुल म्हणाला.

दुपारी ते ब्रह्मा घाटावरच्या सीताच्या घरी पोचले. काढा घरातले सगळेच पीत होते, आपणही, शरदिनीआत्यांनी कबूल केलं. पण आपली प्रकृती दणकट. शास्त्रीबुवांजवळ पानाचा डबा पाहून मुकुलने विडा मागितला. दादाने होळीपासून पान सोडलंय, आत्या अभिमानाने म्हणाल्या. आधी छातीत फार जळजळ व्हायची. आता दोन कचोऱ्या सहज पचतात.

मुकुलचा चेहरा पडला.

शास्त्रीबुवा जेवले. डबा उघडून काहीतरी तोंडात टाकलं, वर घोटभर पाणी प्यायले.

मालविकाने सगळ्यांना बसवलं.

"काढा सगळं घर पितं, आजारी एकटे शास्त्रीबुवा. म्हणजे सीता सुटली. आता सांग मुकुल, पान खाऊन वर पाणी कोण पितं?"

"कोणीच नाही. सगळा रंग जाईल."

"गोळी घेणारा पितो. पान सुटलं, डबा सुटला नाही. कचोरी तीच, जळजळ मात्र गेली."

तिने डबा उघडला. कात-चुन्याच्या जागी ॲसिडिटीच्या कॅप्सुली.

"अगं, ते कुठं औषध आहे?" शरदिनीआत्या गोंधळल्या. "जेवणानंतरचं पाचक. रोज मीच भरते."

"हेही औषधच, आत्या. रोज घेतलं की क्वचित कुणाच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. तुम्ही मायेनंच दिलंत. आता डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरांनी कॅप्सुली बंद केल्या. सूज हळूहळू ओसरली. शास्त्रीबुवांचा आवाज पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला.

मालविका निरोप घ्यायला गेली, तेव्हा शरदिनीआत्या अंतराला मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या.

"सीता, माझा काढा जरा कडक कर," त्यांनी आत हाक दिली आणि मुकुलपुढे विडा धरला.

मुकुलने तो आधी उलगडून पाहिला.